पायरीला हात लावायचा नाही

मी दुकानामागच्याच खोलीत राहते आणि शटर आतून उघडते, त्यामुळे बाहेर काय होऊन बसलंय ते बाहेर पडल्याशिवाय मला कळत नाही. उंबरठ्यावरून एक पाय पायरीवर, पायरीवरून दुसरा रस्त्यावर, हे सव्वीस वर्षांत पायांना इतकं पाठ झालेलं की डोक्याला त्यात काही काम उरलं नव्हतं. त्या सकाळी झाडू काखेत मारून निघाले. डोक्यात कालचं मशीन होतं, सहाव्या-सातव्या टाक्याला दोरा तोडणारं. पहिला पाय पायरीवर पडला, दुसरा सवयीनं खाली जायला निघाला आणि दगडावर आपटला. जिथे काहीच नसायला हवं तिथे दगड. अंगठा ठणकला, दातावर दात आपटले, जीभ चावली गेली आणि मी नव्या कोऱ्या फूटपाथवर दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर बसले. लागलं फारसं नव्हतं, पण त्या अर्ध्या क्षणात आपल्याच दारानं आपल्याला ओळख दाखवली नाही असं काहीतरी वाटलं, आणि ते लागण्यापेक्षा वाईट होतं. समोरच्या टेलरिंगच्या दुकानातून मास्तर गळ्यातला टेप सावरत धावत आले. “ताई, लागलं का हो?” “जीभ चावली.” “हात्तिच्या! म्हणजे आज बाजारात शांतता.” मी तिथे बसल्या बसल्या त्यांना जे सुनावलं त्यावरून जीभ शाबूत असल्याचं त्यांना कळलं आणि ते हसत परत गेले. जाताना मात्र माझ्या दारातल्या खड्ड्याकडे त्यांनी एकदा वळून पाहिलं, ते मला दिसलं.

खड्डाच तो. सिमेंट ओलं आहे म्हणून आदल्या दुपारपासून शटर बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि तेवढ्या वेळात मिस्त्रीच्या माणसांनी माझ्यापुढचा तुकडा पुरा केला होता. आमची पायरी जिथल्या तिथे होती, मधोमध झिजलेली, उंबरठ्यापासून वीतभर खाली. पण तिच्या तिन्ही बाजूंनी फूटपाथ वर आला होता, थेट उंबरठ्याच्याही दोन बोटं वर. माझ्या दारात एक छानपैकी चौकोनी मोरी तयार झाली होती, फक्त पाणी जायला भोक नव्हतं. बाकीच्या रस्त्याला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मी नावं ठेवण्यात कुठे कमी पडते असं कोणी म्हणणार नाही. दोन महिने धूळ खाल्ली, तेलाच्या बुधल्यांवर रुमाल बांधून काम केलं, गिऱ्हाइकं फळ्यांवरून तोल सांभाळत येता येता मधूनच परत फिरली. पण आता ती गुळगुळीत राखाडी फरशी, मधे मधे बाकं, कंबरेएवढी झाडं, लोंबत्या तारांच्या जागी सरळ उभे दिवे, आणि मास्तरांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत रस्ता ओलांडायला उंच केलेला पट्टा. त्या पट्ट्यापुढे गाड्या आपोआप हळू होत होत्या. हा आपला जुना, चेंगरलेला, वायरींनी बांधून ठेवलेला बाजार आहे यावर माझा विश्वास बसेना. मला आनंद झाला होता आणि राग आला होता, दोन्ही एकदम, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, कळत होतं. राग माझ्यावरच काढायला हवा होता. तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्री दोरी ताणत माझ्या दारापाशी आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि हळूच, आजूबाजूला कोणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, “मिस्त्री, काय हवं ते करा, पण आमच्या पायरीला हात लावायचा नाही.” त्यानं पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मावशी, सगळा रस्ता वर येणार आहे. ही खाली राहील.” “राहू दे.” “पाणी?” “पाण्याचं बघू पुढे.” तो मान हलवून पुढे गेला. माणूस शब्दाचा पक्का निघाला. सांगितलं तसं केलं, पायरीला थापीचं टोकसुद्धा लागू दिलं नाही. पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा, दुसऱ्याच्या हातून, चहा पाजून.

पायरीचं असं होतं. दुकान मामंजींचं. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, हे मी सून म्हणून सांगत नाही, त्यांच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही. बाईमाणसानं दुकानात यायचं नाही, हा त्यांचा कायदा. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन यायची, तो आत सरकवायची आणि ते जेवून होईपर्यंत पायरीवर बसायची, पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे, कारण आत बघायचंही नाही. कान मात्र कोणी बंद केले नव्हते. जेवता जेवता ते डाव्या हातानं चाक फिरवून बघायचे. खट-खट-खट असं एकसारखं चाललेलं मशीन मधेच एकदा खटक असं करायचं, ते म्हणायचे “शटल,” आणि मी पायरीवर मनात म्हणायची, शटल. दुसऱ्या दिवशी कोरडं चिरकल्यासारखं व्हायचं, ते म्हणायचे “तेल नाही बघितलं कधी मेल्यांनी.” मग असं झालं की ते बोलायच्या आधी माझ्या मनात यायचं. मग असंही झालं की ते चुकायचे आणि मला पायरीवर ठाऊक असायचं की ते चुकलेत. आमच्या ह्यांना या कामाचा गंध नव्हता. माणूस देवगुणी, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हे शेवटपर्यंत विचारून घ्यायचा. पाच वर्षं मी त्या पायरीवर बसून सगळी विद्या कानानं उचलली, आणि मामंजींचे कान गेले तेव्हा एके दिवशी मशीनचं चाक फिरवता फिरवता ते थांबले. बराच वेळ थांबले. मग माझ्या पाठीकडे न बघता म्हणाले, “काय म्हणतंय ते?” मी म्हणाले, “पट्टा सैल आहे, आणि मागचा छोटा स्क्रू.” त्यांनी बोटानं चाचपून बघितलं. “मग तिथे काय बसलीस? आत ये.”

त्यानंतर ते गेले, काही वर्षांनी हेही गेले, आणि दुकान मी एकटीनं चालवलं. दुकानात अर्धा हिस्सा माझा आणि अर्धा धाकट्या दिराचा. भावोजी वाईट नाहीत. उलट इतके चांगले आहेत की त्यांच्याशी भांडायला धड काही हाती लागत नाही. दर महिन्याला येतात, बाकावर बसतात, गुडघे चोळतात आणि तेच सांगतात: “वहिनी, पुरे आता. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, ऊन छान येतं. इथे एकट्या मागच्या अंधारात काय राहता?” मागच्या वर्षी छपरातून पाणी गळलं आणि एका बाईचं, तिच्या आईकडून आलेलं मशीन माझ्याकडे असताना गंजलं. ती नुसती हात फिरवत राहिली मशीनवरून, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात भावोजी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून बसले, “पुन्हा दुकानात पाणी शिरलं ना, तर मी स्वतःच्या हातानं कुलूप घालीन आणि वरच्या खोलीत येऊन उन्हात बसेन.” भावोजींनी तो शब्द असा जपून ठेवला की जसा काही मी त्यांना दागिना दिला होता. छप्पर नीट करून घेतलं. पण आता दारात मोरी. पाऊस लांब नव्हता, आणि मला लख्ख दिसत होतं: एक चांगली सर, की गेलं माझं दुकान, गेलं घर, आणि ते घालवणारी मीच.

काम बघायला येणारी इंजिनिअर पोरसवदा होती, पांढऱ्या हेल्मेटमधून वेणी बाहेर आलेली, बाजारात सगळे तिला हेल्मेटवाली म्हणायचे. ती दुपारी आली तेव्हा मी तिला दारात उभं केलं. तिनं खड्डा पाहिला, हातातला कागद पाहिला, पुन्हा खड्डा पाहिला. “मावशी, पायरी चुकून राहिली असेल, ती भरून देऊ. पण पाण्याची काळजी करू नका. इथे ढाळ रस्त्याकडे आहे.” “कुठे आहे?” “नकाशात.” “मग नकाशावर पाणी ओत बाई,” मी म्हणाले. ती हसली नाही, मलाही हसू आलं नाही. तिचा फोन वाजत होता. “हे बघा, उद्या दुपारी सांधे भरले की फरशी हलत नाही. परवा साहेब पाहणीला येणार. तुमची तक्रार मी लिहून घेते.” तक्रार लिहून घेतात म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे. ती कागदावर सुखानं नांदते. मी तिचा हात धरला. आयुष्यात कोणा परक्याचा असा हात धरला नव्हता. “उद्या सकाळी नऊला ये. पंधरा मिनिटं. मग मी एक शब्द बोलणार नाही.” तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, नखांत कायमचं बसलेलं काळं तेल, आणि म्हणाली, “येते.”

पूर्वी आमच्या बाजारात एक रीत होती. सकाळी दुकान उघडलं की ज्यानं त्यानं आपल्या दारात बादलीभर पाणी ओतून पुढचा भाग धुवायचा. काम सुरू झाल्यापासून ते बंद होतं, धुळीवर पाणी म्हणजे चिखल. त्या सव्वीस वर्षांत रोज सकाळी मी ते पाणी बघितलेलं होतं. काचवाल्यांच्या दारातून निघून ते कुठे वळतं, कुठे थबकतं, बूटवाल्यांच्या पुढून खाली गटाराच्या जाळीत कसं उतरतं, सगळं मला तोंडपाठ. नकाशा काढणाऱ्याला ते कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगायला गेले नव्हते, कारण बाजाराच्या मीटिंगला मी जायचीच नाही. तिथे जाऊन काय बोलायचं, हा प्रश्न मला पायरीवर बसायची तेव्हापासून पडत आलेला. संध्याकाळी मास्तरांना म्हणाले, “उद्या नऊला सगळ्यांनी पूर्वीसारखी बादली ओतायची, आपल्या बाजूच्या अकराही दुकानांनी, एकदम. सांगाल का सगळ्यांना?” मास्तरांनी माझ्याकडे टेप लावून माप घेतल्यासारखं पाहिलं. “कशासाठी म्हणून सांगू?” “साहेब पाहणीला येणार, रस्ता चकाचक दिसायला नको का?” “ताई,” मास्तर म्हणाले, “तुम्ही काहीतरी शिजवताय.” पण सांगितलं त्यांनी, घरचं कार्य असल्यासारखं दारोदार जाऊन सांगितलं. एकच घोळ झाला. भावोजींनाही त्यांनीच फोन करून बोलावलं, रस्ता किती छान झालाय ते बघायला या म्हणून.

नऊला सगळे हौसेनं बाहेर आले. बूटवाल्यांनी तर नवी निळी बादली आणली होती. हेल्मेटवाली आली, मिस्त्री थापी घेऊन एका बाजूला उभा राहिला, भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसले आणि बाकाच्या पाठीवर थोपटून “व्वा!” म्हणाले. दुकान मी पहाटेच आवरलं होतं, गिऱ्हाइकांची सगळी मशीनं मागच्या खोलीत पलंगावर चढवली होती. जमिनीवर एकच होतं, मामंजींचं स्वतःचं, लोखंडी पायांचं. मास्तरांनी एक, दोन, तीन म्हटलं आणि अकरा बादल्या ओतल्या गेल्या. आधी सगळे हसले. पाणी काचवाल्यांकडून निघालं, शेजारच्यांना मिळालं, पुढे आलं, आणि रस्त्याकडे जायचं सोडून दुकानांना चिकटून धावायला लागलं. बूटवाल्यांच्या दारापुढे फरशी सगळ्यांत उंच होती. तिथे ते आपटलं, गिरकी घेऊन मागे फिरलं आणि माझ्या मोरीत उतरलं. खळखळ आवाज करत. पायरी बुडाली. मी हातातला झाडू आडवा घातला नाही. पाणी उंबरठ्याला लागलं, क्षणभर काठावर फुगून राहिलं आणि आत शिरलं. सगळ्यांच्या देखत ते मामंजींच्या मशीनच्या पायापर्यंत गेलं. हसणं केव्हाच थांबलं होतं. भावोजी बाकावरून उठले होते.

“कच्चं काम!” बूटवाले पहिले ओरडले. “मिस्त्री, हे काय करून ठेवलंत?” हेल्मेटवालीचा चेहरा लाल झाला. ती मिस्त्रीकडे वळली. “दोरी लावून काम करायचं ठरलं होतं ना? हा ढाळ आहे? उद्यापासून तुम्ही येऊ नका.” मिस्त्री नुसता थापीला लागलेलं वाळकं सिमेंट नखानं खरवडत राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्यानं मला असं काही झालं की काय सांगू. माझा चहा पिऊन, मला शब्द देऊन तो आता माझ्यासाठी काम गमावत होता, आणि मी? मी तोंड शिवून उभी. एकेकट्याला खूप सुनावलं, पण सव्वीस वर्षं चारचौघांपुढे उभी राहून बोलले नव्हते. घशातून आवाज निघेल की नाही याची खात्री नव्हती. निघाला तो मात्र असा निघाला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबली. “मिस्त्रीला काही बोलायचं नाही! पायरी त्यानं ठेवली नाही, मी ठेवायला लावली. चहा पाजून. तो नको म्हणत होता.” पाणी आत जातच होतं. “मूर्खपणा माझा. पायरी माझी लाडकी, म्हणून अख्ख्या रस्त्याला मी म्हटलं, तू वर जा, मी खालीच राहते. पण मला एक सांगा, माझी पायरी खाली राहिली हे कळलं, बूटवाल्यांच्या दारात फरशी दीड बोट वर कशी आली?”

बूटवाल्यांनी बादली खाली ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते. “ते... गिऱ्हाइकाला ठेच नको लागायला, म्हणून मी जरा मिस्त्रींना म्हटलं होतं. अर्धंच बोट.” “अर्धंच म्हणाला होतात,” मिस्त्री पहिल्यांदा बोलला, “मग दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं म्हणाला होतात. मग तुमच्या वडलांनी येऊन अर्धं.” कोणीतरी फिसकन हसलं. मग काचवाल्यांनी घसा खाकरला. “माझंही होतं अर्धं बोट. काचा ने-आण करताना...” मग पलीकडचे घड्याळवाले म्हणाले, काचवाल्यांनी वर घेतलं म्हटल्यावर आपण खाली कसं राहायचं, म्हणून त्यांनीही. मग एकेक करून सगळे. मी सोडून दहाच्या दहा. प्रत्येकानं मिस्त्रीला एकटं गाठून, चहा पाजून, बाकीच्यांच्या नकळत आपलं दार थोडं वर करून घेतलं होतं, आणि खाली राहायचं मागणारी सगळ्या बाजारात मी एकटी वेडी. “आता मी काय करायचं होतं?” मिस्त्री म्हणाला. “दोरी एक आणि माणसं अकरा.” आणि तो हसला, मग मास्तर हसले, आणि मग सगळा बाजारच हसत सुटला, बूटवाल्यांचे म्हातारे वडीलसुद्धा, ज्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. हेल्मेटवालीनं हेल्मेट काढून कपाळ पुसलं. आतून अगदीच लहान निघाली ती. “मी दर मंगळवारी येत होते,” ती म्हणाली, “मला एकदा तरी सांगायचं.” मी म्हणाले, “तुला चहा कोणी दिला नाही ना, म्हणून.”

भावोजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या चांगल्या चपला भिजल्या होत्या. हळूच म्हणाले, “वहिनी, पाणी शिरलं.” “दिसतंय मला.” “तुम्ही शब्द दिला होता.” मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी या माणसापुढे मान खाली घालून बोलले, कारण त्याचं म्हणणं नेहमी रास्त असायचं. “न बोलावता येणाऱ्या पाण्याबद्दल शब्द होता, भावोजी. हे मी बोलावलंय. बोलावलेलं पाहुण्यात धरतात, चोरात नाही.” “हा कुठला कायदा?” “माझा. मामंजींचा एक कायदा होता, आता माझा.” भावोजींनी विजारीचे पाय वर दुमडले, माझ्या हातातला झाडू घेतला आणि पाणी बाहेर लोटायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही.

दुपारी सांधे भरले नाहीत. पाहणी पुढे ढकलली गेली, हेल्मेटवालीनं फोनवर कोणाची तरी बोलणी खाल्ली आणि “हो सर” म्हणत म्हणत मला अंगठा दाखवला, म्हणजे जमलं असा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी दोरी ताणली. अकराही दुकानदार तिच्या मागे उभे, पुन्हा कोणी अर्धं बोट मागतो का हे एकमेकांवर डोळा ठेवून बघत. माझ्यापाशी आल्यावर मिस्त्री थांबला. “मावशी?” “काढा,” मी म्हणाले. त्यानं पहार घातली. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही. पण बघितलं, चांगलं उभं राहून बघितलं. कुरकुरत, मग एकदम सुटून दगड वर आला. खाली काहीच नव्हतं, ओली माती आणि दोन गांडुळं. मला नवल वाटलं ते माझंच. ज्या दगडावर मला पाठमोरी बसवलं होतं तोच मी जपत बसले होते, आणि तिथून उठून आत गेले तो दिवस, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस, त्याला कधी असं सांभाळलं नव्हतं. बाकीच्या राड्यारोड्याबरोबर दगड ट्रकमध्ये पडला. मिस्त्रीनं विचारलं, आठवण म्हणून मागे ठेवायचा का. मी म्हणाले, “मागे जागा कुठे आहे, तिथे माझा पलंग आहे.” तीन दिवसांत फूटपाथ एका रेषेत आला, माझ्या उंबरठ्याला बरोब्बर टेकलेला, तिथून रस्त्याकडे ढाळ. मिस्त्रीनं पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा बघितला, मग माझ्याकडे वळला. “मावशी, पाणी?” मी बादली ओतली. पाण्यानं माझ्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ रस्त्याकडे गेलं, कडेनं वळलं आणि जाळीत उतरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले, हो, रडले, आणि कोणी बघतंय याची मला जराही लाज वाटली नाही.

पाहणी झाली, साहेब आले आणि गेले, त्यांना कोणी फारसं विचारलं नाही. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी आत बसून शटल पुसत होते, तर बाहेरून घरघर असा आवाज आला. लोखंडी चाकांचा, जड. मान वर केली तर मास्तर. त्यांचं मोठं मशीन, जाड कापडाचं, लोखंडी टेबलासकट, तळाच्या चाकांवर ढकलत तो उंच पट्टा ओलांडून येत होते, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. ते मशीन चार माणसांखेरीज कधी हललं नव्हतं. बिघडलं की मी त्यांच्याकडे जाऊन, जमिनीवर पडून, टॉर्च दातात धरून ते दुरुस्त करायची, आणि मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्यांची तसली मशीनं तर पायऱ्यांपायी माझ्याकडे कधी आलीच नव्हती. आता ते फूटपाथवरून उंबरठ्यावर, उंबरठ्यावरून आत, कुठेही न अडखळता आलं. मागून दुसऱ्या बाजूनं ढकलत भावोजी. बाजारात सहज आले होते म्हणे, मास्तरांनी कामाला जुंपलं. “कुठे ठेवू?” “आत. अजून आत. मामंजींच्या शेजारी.” मी चाक फिरवलं, डोळे मिटले. “आतला गोल पट्टा झिजलाय, आणि मास्तर, तेल नाही बघितलं तुम्ही कधी.” मास्तरांनी कान पकडले. तेवढ्यात पुन्हा घरघर. मागच्या गल्लीतून पडदे शिवणारी बाई तिचं मशीन ढकलत येत होती. तिच्यामागे बॅगा शिवणारे दोघे भाऊ. अकरा वाजेपर्यंत आत पाय ठेवायला जागा नव्हती, दोन मशीनं बाहेर फूटपाथवर बाकाशेजारी उभी, त्यांचे मालक बाकावर बसून झाडाच्या सावलीत गप्पा मारताहेत. मी या मशीनवरून त्या मशीनवर, आतून बाहेर, बाहेरून आत, पाय कुठे पडतोय हे एकदाही न बघता. कोणाचं सुईचं टोक, कोणाचे दाते, कोणाचं चाक, सगळी एकदम बोलत होती आणि मला प्रत्येकाचं वेगळं ऐकू येत होतं. भावोजी मधोमध दोन मशीनांत अडकून उभे होते, शर्टाला तेलाचा डाग, हातात कोणीतरी धरायला दिलेला पट्टा. त्यांनी सगळीकडे एकदा पाहिलं, दारातून थेट त्या टोकाच्या जाळीपर्यंत, आणि घाम पुसत म्हणाले, “वहिनी, दुकान लहान पडतंय हो.”

“पडणारच,” मी म्हणाले. “सरका आधी, पुढचं मशीन आत यायचंय.”